बॅटमॅनची एक बुक्की आणि नंतरची अठरा वर्षं

परवा जेवताना भाच्याशी वाजलं. विषय सुपरहिरो. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या मते सुपरहिरोची गोष्ट म्हणजे रात्र, पाऊस, मेलेले आईबाप आणि दर तिसऱ्या पानावर घोगऱ्या आवाजातलं स्वगत. मी आदल्या दिवशी त्याच्या हातात 'जस्टिस लीग' या सुपरहिरोंच्या टोळीच्या कॉमिकचा १९८७ सालचा पाचवा अंक ठेवला होता. तो वाचून म्हणाला, "मामा, मजा आली रे, पण हे सीरियस नाहीये ना. टाइमपास आहे."

माझा घास हातातच राहिला. पण तेवढ्यात बहिणीने "दोघंही आधी ताटं उचला" म्हणून सभा बरखास्त केली आणि माझं उत्तर राहून गेलं. ते इथे देतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी तो अंक. गाय गार्डनर नावाचा एक ग्रीन लँटर्न, म्हणजे अंगठीच्या शक्तीने लढणारा हिरो, आहे. डोक्यावर वाडगं उपडं घालून कापल्यासारखे केस, फाटकं तोंड, आणि जगातला सगळ्यात शूर पुरुष आपणच, याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. मालिकेच्या पहिल्याच अंकात हा सगळ्यांच्या आधी येऊन टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर बसतो आणि स्वतःलाच म्होरक्या नेमून टाकतो. (प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. आमच्याकडे दोन आहेत.) पाचव्या अंकापर्यंत त्याची मजल थेट बॅटमॅनला आव्हान देण्यापर्यंत गेलेली असते. शक्तीची अंगठी काढून बाजूला टाकतो, मुठी वळून उभा राहतो. बॅटमॅन एक बुक्की मारतो. एकच. गाय आडवा.

पण खरी गंमत बुक्कीनंतरच्या चेहऱ्यांमध्ये आहे. टोळीतला ब्लू बीटल "एका बुक्कीत!" असं म्हणत खो खो हसत सुटतो. टोळीतलीच ब्लॅक कॅनरी नेमकी त्या वेळी तिथे नसते, आणि हे दृश्य आपलं हुकलं म्हणून ती जी हळहळते ते बघण्यासारखं आहे. पुढे गाय शुद्धीवर येतो, पडलेली अंगठी शोधायला वाकतो, डोकं आपटून घेतो, पुन्हा बेशुद्ध होतो. आणि उठतो तो साखरेच्या पाकातून काढल्यासारखा गोड आणि नम्र होऊन. त्याचा तो नवा चेहरा जुन्यापेक्षा जास्त भीतिदायक आहे.

हे चेहरे चित्रकार केव्हिन मॅग्वायरचे. तोवर सुपरहिरोंना साधारण तीनच भाव असायचे: दात-ओठ खाणं, ओरडणं, आणि क्षितिजाकडे बघणं. आम्ही इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर वाढलेली माणसं, त्याला तर आम्ही फारसं हसतानाही पाहिलं नाही. मॅग्वायरने या मंडळींना भुवया दिल्या. ओठांचे कोपरे दिले. कुणीतरी फालतू विनोद केल्यावर न हसण्याचा प्रयत्न करणारा माणूस कसा दिसतो, हे त्याने डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या असलेल्या मंगळवासी जॉनच्या तोंडावर दाखवलं. हा जॉन म्हणजे मार्शियन मॅनहंटर. आपलं अख्खं जग गमावून पृथ्वीवर आलेला, सगळ्यात गंभीर, सगळ्यात समंजस. आणि क्रीमच्या ओरिओ बिस्किटांपुढे पार हतबल. मला तो फार आवडतो. घरातल्या थोरल्या काकांसारखा आहे.

आता हे असं का झालं, त्याची गोष्ट सांगतो, कारण तीच मुळात विनोदी आहे.

जस्टिस लीग पहिल्यांदा १९६० मध्ये अवतरली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन असे डीसी या कॉमिक्स कंपनीचे सगळे बडे देव एका टेबलाभोवती, ही त्यातली कल्पना. ती जुनी मालिका २६१ अंक चालली आणि १९८७ मध्ये गुंडाळली गेली. नव्याने सुरुवात करायची जबाबदारी संपादक अँडी हेल्फरवर आली. त्याने कथानकाला कीथ गिफन घेतला, संवादांना जे. एम. डीमॅटिस. पण देव मिळेनात! सुपरमॅन जॉन बर्नकडे नव्याने घडत होता, वंडर वुमन जॉर्ज पेरेझकडे. बॅटमॅन तेवढा मिळाला. बाकी हाताला लागले ते ब्लू बीटल, मिस्टर मिरॅकल, तोंडाळ गाय गार्डनर आणि थोड्याच दिवसांत येऊन मिळालेला बूस्टर गोल्ड. हा बूस्टर म्हणजे भविष्यातून चोरीच्या यंत्रावर बसून आलेला म्युझियमचा वॉचमन. इथे येऊन हिरो झाला तो जाहिराती मिळाव्यात म्हणून.

म्हणजे उरलेल्या पोळ्या. आणि उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या तिघांनी फोडणीची पोळी केली, आणि ती पंचपक्वान्नांपेक्षा जास्त खपली.

बड्या देवांना हसवता येत नाही, कारण त्यांचं पुढे काय होणार हे दुसऱ्या मालिकेत ठरत असतं. उरलेल्यांचं कुणाला काही पडलेलं नसतं, त्यामुळे त्यांना माणूस होऊ देता येतं. मग एक अख्खा अंक नव्या कचेऱ्यांमध्ये सामान हलवण्यावर निघतो. मग पॅरिसला बसलेली युरोपची शाखा फ्रेंच शिकायला शिकवणीला जाते आणि त्याच वर्गात समोरच्या बाकांवर दुय्यम दर्जाचे खलनायकही वह्या घेऊन बसलेले असतात. मग बीटल आणि बूस्टर संघटनेच्या पैशांतून कूई कूई कूई नावाच्या बेटावर कॅसिनो काढतात. बेट जिवंत निघतं आणि धंदा बुडतो. मग नको असलेल्या सगळ्यांना 'जस्टिस लीग अंटार्क्टिका' अशी पाटी देऊन बर्फात पाठवलं जातं आणि तिथे त्यांची गाठ नरभक्षक पेंग्विनांशी पडते. बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या सरकारी माणसाने हा शेवटचा भाग जरूर वाचावा.

सगळंच चांगलं आहे असं मात्र नाही. १९९२ पर्यंत हे चाललं, आणि शेवटच्या दीड-दोन वर्षांत सगळी पात्रं एकाच आवाजात बोलायला लागतात. बीटल-बूस्टरचं बायकांच्या मागे लागणं तेव्हाही फार विनोदी नव्हतं, आज तर पानं भराभर उलटावीशी वाटतात. नॉर्ट नावाचा कुत्रा-लँटर्न मला कधीच झेपला नाही. तो आवडणारेही आहेत, त्यांनी कमेंटमध्ये भांडावं.

पण 'सीरियस नाही' हा जो आरोप आहे ना, त्याला उत्तर आहे आणि ते ब्लू बीटलमध्ये आहे.

ब्लू बीटल म्हणजे टेड कॉर्ड. स्पायडरमॅनवाल्या स्टीव्ह डिटकोने १९६६ मध्ये चार्लटन नावाच्या छोट्या कंपनीसाठी घडवलेला. अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. डोकं आहे, हाताने बनवलेली यंत्रं आहेत आणि किड्याच्या आकाराचं उडतं वाहन आहे. ऐंशीच्या दशकात चार्लटनचे हिरो डीसीने विकत घेतले. लेखक ॲलन मूरला याच हिरोंवर एक गोष्ट लिहायची होती. डिक जिओर्डानो, जो आधी चार्लटनचाच संपादक होता, त्याने बघितलं की गोष्ट संपेपर्यंत यातले काही मेलेले असणार आणि उरलेले कामातून गेलेले. तो म्हणाला, तू आपली नवी पात्रं काढ. त्यातून १९८६ ला 'वॉचमेन' हे कॉमिक आलं. त्यात ब्लू बीटलच्या जागी आहे नाइट आउल: पोट सुटलेला, हरलेला, तळघरात जुना पोशाख आणि धूळ खाणारं उडतं वाहन सांभाळत बसलेला.

आणि इकडे १९८७ मध्ये खरा ब्लू बीटल बॅटमॅनची बुक्की बघून खो खो हसतोय.

एकाच साच्यातून निघालेले दोन भाऊ म्हणा. एकाच्या वाट्याला उदासी आली आणि त्याला साहित्य म्हणून मान मिळाला. दुसऱ्याच्या वाट्याला हसू आलं आणि त्याला टाइमपास म्हणतात. गंमत म्हणजे गिफन-डीमॅटिसनी पुढे टेडचंही पोट सुटू दिलं! तोही घाबरतो, तोही स्वतःला कमी समजतो. देवांच्या पंगतीत बसलेला साधा माणूस आहे तो, आणि तिथे टिकून राहायचं तर विनोद करण्यावाचून त्याच्याकडे दुसरं काही नाही. हे मला वॉचमेनमधल्या तळघरापेक्षा तसूभरही कमी गंभीर वाटत नाही.

विनोदी लिहिणाऱ्याला जड जमत नाही म्हणून तो हलकं लिहितो, असंही भाच्याच्या पिढीला वाटतं. (आमच्याही पिढीला वाटायचं, उगाच त्यांना कशाला बोला.) तर हाच डीमॅटिस त्याच १९८७ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी क्रेव्हन नावाच्या शिकाऱ्याची गोष्ट लिहीत होता. त्यात स्पायडरमॅनला जिवंत पुरतात आणि शेवटी शिकारी स्वतःवर बंदूक चालवतो. तेच टेबल, तोच माणूस, तेच वर्ष.

आणि आता माझी आवडती गोष्ट. डीमॅटिस मेहेरबाबांचा भक्त आहे. हो, पुण्यात जन्मलेले आपले मेहेरबाबा. माझं आजोळ नगरचं. दौंडकडून येताना अरणगावपाशी मेहेराबाद लागलं की आजी गाडीतूनच हात जोडायची. बाबांनी १९२५ मध्ये मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे, पुढे नुसत्या खुणांनी. अशा गुरूच्या शिष्याने सुपरहिरोंच्या इतिहासातली सगळ्यात बडबडी टोळी लिहावी! एकेका चौकटीत संवादांचे सात-आठ फुगे, चित्राला जागा उरत नाही. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ एकटाच हसत होतो. आजी असती तर तिला सांगितलं असतं.

तर मूळ मुद्दा. २००३ मध्ये गिफन, डीमॅटिस आणि मॅग्वायर हे तिघं परत एकत्र आले आणि त्याच जुन्या टोळीची सहा अंकांची मालिका काढली. तिला पुढच्या वर्षी विनोदी प्रकाशनाचं आयझ्नर हे कॉमिक्समधलं पारितोषिक मिळालं. तिचा पुढचा भाग २००५ मध्ये आला, आणि त्यात ही मंडळी चक्क नरकात जातात. तिथे त्यांना भेटते आइस. त्यांची जुनी मैत्रीण, १९९४ साली मेलेली. तिला बाहेर काढायचं तर अट एकच, मागे वळून बघायचं नाही. तिची जिवलग सखी फायर पुढे चालतेय. मागे पावलं वाजत नाहीत. फायर वळून बघते.

हे विनोदी मालिकेत आहे. मी दर वेळी ते पान येण्याआधी चष्मा काढून ठेवतो.

पण त्याहून वाईट गोष्ट पानांच्या बाहेर घडत होती. २००४ मध्ये डीसीने एका 'गंभीर' मालिकेच्या पहिल्याच अंकात सू डिबनीला मारलं. सू म्हणजे या टोळीतली सगळ्यात हुशार, हसतमुख बाई. आणि २००५ च्या मार्चमध्ये एक ऐंशी पानांचा, एक डॉलर किमतीचा विशेष अंक निघाला. त्यात टेड कॉर्डला एका कटाचा वास लागतो. तो एकेका बड्या हिरोचं दार ठोठावतो, कुणी मनावर घेत नाही. विदूषकच ना तो. शेवटी कट कुणाचा निघतो, तर मॅक्स लॉर्डचा, ज्याने ही विनोदी लीग उभी केली त्याचाच. तो टेडच्या डोक्यात गोळी घालतो. नरकाच्या सफरीचा शेवटचा अंक बाजारात आला तेव्हा त्यात हसणाऱ्या मंडळींपैकी दोघं दुसऱ्यांच्या गोष्टीत मरून गेलेली होती.

मला सांगा, त्या गोळीचा धक्का आम्हाला का बसला? चार्लटनमधल्या त्या निळ्या चड्डीवाल्याला १९८५ मध्ये मारला असता तर कुणी पान थांबवून पाहिलंही नसतं. धक्का बसला कारण अठरा वर्षं तो आमच्यासमोर हसला होता, बिस्किटं लपवत होता, कॅसिनो बुडवत होता. प्रेम जमवलं हसवणाऱ्यांनी. गंभीरांनी येऊन ते एका पानात खर्चून टाकलं आणि वर नाव कमावलं. रडवायला जे भांडवल लागतं ते कुठून येतं, हे मला भाच्याला जेवताना सांगायचं होतं.

(टेडच्या मागे ब्लू बीटल झालेला जेमी रेयेस हा पोरगा २००६ मध्ये आला. त्याच्या निर्मात्यांमध्येही गिफन आहे. २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. हसरा आहे पोरगा.)

गिफन त्याच वर्षी, ९ ऑक्टोबरला गेला. ७० वर्षांचा होता. दोन दिवसांनी त्याच्या फेसबुकवर त्याच्याच नावाने पोस्ट आली, आधीच लिहून ठेवलेली. मतलब असा, की मी यांना सांगितलं होतं, मला बरं नाहीये. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळाव्याला जायला लागू नये म्हणून माणूस काय काय करतो. खाली जन्म-मृत्यूची सालं. आणि त्याखाली ब्लू बीटलचं ते प्रसिद्ध हसू, ब्वा हा हा हा हा.

कॉमिक कॉन त्याच आठवड्यात होतं.

भाच्याने काल मेसेज केलाय, "सहावा अंक आहे का?" आहे. सातवाही आहे. कुणाला हवे असतील तर सांगा, देईन, पण एकेक करून आणि तारीख लिहून. नव्वदच्या दशकात फोर्टच्या फुटपाथवर उन्हात उभं राहून शोधलेले अंक आहेत, आणि आधीचे दोन मित्रांकडे गेलेले अजून आलेले नाहीत. ते दोघं ही पोस्ट वाचतायत, मला माहीत आहे. पाचवा घराबाहेर जाणार नाही. तो इथे येऊन वाचायचा.