आमचा मुलगा अमेरिकेत असतो

कंपनीने मला मोंतेविदेओला पाठवायचं ठरवलं, त्या रात्री मी कऱ्हाडला फोन केला. आईने विचारलं, “म्हणजे कुठं?” मी म्हणालो, “उरुग्वे.” पलीकडे जरा वेळ शांतता. मग फोन तोंडापासून लांब धरून तिने बाबांना सांगितलेलं ऐकू आलं, “जर्मनी नाही ओ. दुसरंच कायतरी आहे.”

आमच्या गल्लीत परदेशांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर न्यू जर्सी, त्याखाली लंडन, मग ऑस्ट्रेलिया, आणि तळाला दुबई. दुबईचंही काही वाईट नाही, येताना माणूस खजूर आणतो. पण उरुग्वे नावाचं मडकं या उतरंडीत कुठे बसवायचं हे कुणालाच कळेना. वाण्याने “पराग्वे म्हणायचंय का तुम्हाला?” असं माझंच चुकल्यासारखं विचारलं. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी, “आफ्रिकेतही आता बराच पैसा आहे म्हणा,” अशी समजूत काढली. फक्त चुलतकाकांनी नीट चौकशी केली. मी त्यांना सांगितलं की देशात माणसं सुमारे ३५ लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्यात त्याहून कितीतरी जास्त, आणि गुरं माणसांच्या तिपटीहून अधिक. काका दूध संघातले. त्यांचे डोळे चमकले.

“गायी कसल्या?”

“तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या.”

“लिटर किती देतात?”

“काका, त्या दुधासाठी नसतात.”

काकांनी सुपारी कातरायला घेतली. तो विषय आमच्यात परत निघालेला नाही.

चार दिवसांत आईनेच तोडगा काढला. देश दक्षिण अमेरिकेत आहे, असं मी नकाशा काढून समजावलं होतं. त्यातला ‘दक्षिण’ तिने गिळून टाकला. “आमचा अमेरिकेला चाललाय,” असं ती भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगू लागली आणि मडकं आपोआप वर चढलं. तसं म्हटलं तर त्यात खोटं काही नव्हतं. परिणाम मात्र मला भोगावे लागले. थोरल्या मावशीने अर्धा किलो मेतकूट आणून दिलं, बोस्टनच्या नातवाला जाता जाता देण्यासाठी.

मुंबई, दोहा, साओ पाउलो, मोंतेविदेओ असा प्रवास करून मी पोचलो. निघण्याआधी तीन महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकलो होतो. ‘यो’ म्हणजे मी, ‘काये’ म्हणजे रस्ता, ‘प्लाया’ म्हणजे समुद्रकिनारा. टॅक्सीवाला म्हणाला ‘शो’, ‘काशे’, ‘प्लाशा’. मला वाटलं, बिचाऱ्याचा पुढचा दात पडलाय. मग हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईचाही पडलेला निघाला, वेटरचाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचेच. रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर ‘य’चा ‘श’ करतात, ही गोष्ट शिकवणाऱ्या ॲपने मला सांगितली नव्हती.

नशिबाने या भाषेला एक किल्ली आहे. ती म्हणजे ‘ता’. “ता?” म्हणजे झालं का. “ता” म्हणजे झालं. “ताऽऽ” म्हणजे पुरे आता, डोकं खाऊ नकोस. बँकेत, बसमध्ये, दवाखान्यात ‘ता’वर माणूस तरून जातो. आमच्याकडे ‘व्हय की’वर जातो तसंच.

खरा छळ सुरू झाला तो घर शोधताना. पोसितोस नावाच्या भागात, किनाऱ्यापासून तीन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघायला गेलो. लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा होता, आमच्या लहानपणीच्या इस्पितळातल्यासारखा. घरमालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या गालाला गाल लावून मुका घेतला. इथे पहिल्या भेटीत तशी पद्धतच आहे. कऱ्हाडात एवढ्यावर लग्नं ठरतात. मी हात जोडायला वर आणलेले, ते मध्येच अडकले आणि बाईंच्या चष्म्याला लागले. चष्मा खाली पडला. फुटला नाही, पण घराची बोलणी त्या चष्म्यापासून सुरू झाली हे खरं.

मग ‘गारांतिया’ आली. गारांतिया म्हणजे भाडेकरू पळून गेला तर पैसे कोण देणार याची हमी. ती देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांना हव्या असतात इथल्या पगाराच्या पावत्या. मला येऊन झाले होते नऊ दिवस. पगार जमा व्हायला बँकेत खातं हवं, खात्याला ‘सेदुला’ म्हणजे इथलं ओळखपत्र हवं, त्या सगळ्या अर्जांवर पत्ता हवा, आणि पत्ता म्हणजे तर हे घर. एका कचेरीतल्या मुलीला मी हे वर्तुळ कागदावर काढून दाखवलं. तिने ते लक्ष देऊन बघितलं, पेनाने एक बाण दुरुस्त केला आणि म्हणाली, “ता.”

शेवटी काही महिन्यांचं भाडं अनामत ठेवून घर मिळालं. भाड्याशिवाय दर महिन्याला ‘गास्तोस कोमुनेस’ भरायचे असं कळलं, तेव्हा पोटात गोळा आला. चौकशीअंती तो सोसायटीचा मेंटेनन्स निघाला. लिफ्टमध्ये नोटीस लावलेली होती: कुणाचा तरी कुत्रा जिन्यात घाण करतो, संबंधितांनी दखल घ्यावी. खाली कुणीतरी पेनने उत्तर लिहिलं होतं. ते वाचून मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

पण मी आलो तो महिनाच वाईट. मे २०२३. पाऊस नसल्याने शहराला पाणी पुरवणारं धरण आटत चाललं होतं, म्हणून उरलेल्या पाण्यात रिओ दे ला प्लाताच्या मुखाजवळचं खारट पाणी मिसळून नळाला सोडत होते. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेला मी, सकाळी चहा केला आणि पहिल्या घोटाला वाटलं, साखरेऐवजी चुकून मीठ पडलं. दुसरा केला. तोही तसाच. तिसऱ्या दिवशी हिशेब लागला: वरण-भाताला मीठ घालायचं नाही, चहाला बाटलीचं पाणी, आणि अंघोळ म्हणजे गणपतीपुळ्याला गेल्याचं पुण्य. पुढच्या महिन्यात सरकारने बाटलीच्या पाण्यावरचा कर काढला, तरी दुकानातली फळी संध्याकाळपर्यंत रिकामी. त्यात थंडी सुरू झालेली. ओल अशी, की दोरीवरचे मोजे चौथ्या दिवशी जास्त ओले वाटायचे. ते दिवस बोस्टनच्या नातवाच्या मेतकुटाने काढून दिले. देव त्या मुलाचं भलं करो, त्याला अजून कळलेलं नाही.

मांस न खाणाऱ्याचं इथे काय होतं ते मी सविस्तर सांगत नाही. ‘चिवितो’ म्हणजे शब्दशः करडू, पण त्या सँडविचात करडू नसून गोमांस असतं, त्यावर हॅम, त्यावर अंडं. मी ते सगळं काढायला सांगितलं तेव्हा पाव, टोमॅटो आणि वेटरची सहानुभूती एवढंच ताटात आलं. मात्र एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडावरच्या पिझ्झाच्या दुकानात एक माणूस भट्टीतून भलामोठा पत्रा ओढताना दिसला. पत्र्यात पिवळंधमक काहीतरी थापलेलं, वर तेलाची चकाकी, कडा करपून तांबूस. त्याने उलथन्याने त्याच्या वड्या पाडल्या आणि वर पांढरी मिरपूड भुरभुरवली. नाव ‘फाइना’. कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाला, हरभऱ्याच्या पिठाचं. म्हणजे काबुली चण्याच्या. मी उभ्या उभ्या चार तुकडे खाल्ले आणि बाहेर फुटपाथवर येऊन आईला फोन लावला. इथे रात्रीचे साडेदहा, तिकडे सकाळचे सात, तिची पूजा नुकतीच झालेली.

“आई, इथं पाटवड्या मिळतात.”

“पाटवड्या? खोबरं-कोथिंबीर घालतात का वरून?”

“नाही गं. पांढरी मिरी.”

“बरं,” आई म्हणाली, “त्यांच्यात नसेल पद्धत.”

त्या दिवसापासून उरुग्वेबद्दलचा तिचा सूर बदलला. फाइना ही मुळात इटलीतल्या जेनोव्हाहून आलेल्या लोकांनी आणली, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. उगाच आणखी एक देश.

ऑफिसात वेगळंच प्रकरण चाललं होतं. इथला माणूस काखेत थर्मास आणि हातात ‘माते’चं भोपळ्याचं भांडं घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. सायकलवर, बसथांब्यावर, कडेवर मूल असलं तरीही. भांड्यात येर्बा नावाच्या पाल्याचा हिरवा चुरा, त्यात गरम पाणी, आणि धातूची एक नळी. एकाने प्यायचं, भांडं परत द्यायचं, मालकाने पाणी घालून दुसऱ्याला द्यायचं, त्याने त्याच नळीने प्यायचं. त्याच. उष्टं या शब्दाला स्पॅनिशमध्ये प्रतिशब्द सापडला नाही, आणि का नाही ते त्या टेबलावर समजलं. पहिल्या दिवशी सहा जणांच्या तोंडातून फिरून भांडं माझ्यापर्यंत आलं. आजीची आठवण काढून मी डोळे मिटले आणि ओढलं. कडू. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा धुराजवळ ठेवल्यासारखं. भांडं परत देताना संस्काराप्रमाणे म्हणालो, “ग्रासियास.”

त्यानंतर आठवडाभर मला कुणीही माते विचारलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाचायला लागलं. भांडं डावीकडून येतं, मला वळसा घालून उजवीकडे जातं. मी काही बोललो का? वास येतो का? शेवटी शेजारच्या टेबलावरच्या गड्याला विचारलं. तो हसून हसून लाल झाला. भांडं परत देताना ‘ग्रासियास’ म्हणणं म्हणजे ‘आता मला नको’. हवं असेल तर गप्प बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा आभार मानल्यामुळे वाळीत पडलो होतो.

याच गड्याशी पुढे गट्टी जमली. त्याने विचारलं, तू भारतात कुठला? मी म्हणालो, कऱ्हाड. कोरा चेहरा. पुण्याजवळ. कोरा. मग नाइलाजाने तीनशे किलोमीटर गिळून म्हणालो, मुंबईजवळ. “आऽह, मुंबई!” त्याला उलट विचारलं, तू बाहेर गेल्यावर कुठला म्हणून सांगतोस? त्याचं तोंड उतरलं. माद्रिदला गेला होता तेव्हा थर्मास बघून आणि ‘श’ ऐकून जो तो विचारत होता, अर्जेंटिनाचा का? ब्वेनोस आयरेसचा का? हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. मला तो ताबडतोब कळला. कऱ्हाडच्या माणसाला “म्हणजे सातारचे का?” म्हणून बघा एकदा.

मग त्याने शर्टावरचे तारे समजावून सांगितले. उरुग्वेने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला दोनदा, १९३० ला इथेच सेंतेनारियो मैदानावर अर्जेंटिनाला ४-२ ने हरवून, आणि १९५० ला ब्राझीलच्या घरात घुसून. मग जर्सीवर तारे चार कसे? तर १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णंही ते विश्वचषकातच धरतात. मी म्हणालो, हे जरा जास्त होतंय. तो म्हणाला, आम्ही साडेतीन कोटी नाही, साडेतीन मिलियन आहोत, मोजायला आम्हाला वेळ असतो.

त्यानेच मला एका रविवारी बार्रियो सुरमध्ये नेलं. संध्याकाळी गल्लीत मध्येच शेकोटी पेटवलेली, आणि तिच्याभोवती ढोल कलते करून ठेवलेले, तोंडं जाळाकडे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं हे कांदोंबे. चिको, रेपिके आणि पियानो, तीन आकाराचे ढोल. एक म्हातारा मधूनच कातड्यावर बोट मारून कान लावून बघायचा आणि मान हलवून परत जाळाकडे ढकलायचा. आमच्याकडे जत्रेच्या आधी हलगीवाले पाचोळा पेटवून हलगी शेकतात, ते डिट्टो असंच. मी मोबाइलवर त्याला हलगीचा व्हिडिओ दाखवला. म्हाताऱ्याने तो दोनदा बघितला, वाजवणाऱ्याच्या डाव्या हातातल्या बारीक काडीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ता.” हा चौथा अर्थ होता.

दीड वर्षाने, डिसेंबरात, आई आली. भर डिसेंबरात उन्हाळा बघून तिने बरोबर आणलेले तीन स्वेटर तसेच बॅगेत ठेवले, आणि देशाची घडी कुणीतरी उलटी घातलीय असं जाहीर केलं. घरमालकीणबाई भेटायला आल्या, तेव्हा मी आधीच सावध केलं होतं. तरी गाल पुढे आल्यावर आई जी मागे सरकली ती थेट सोफ्यावर बसली. बाईंनी वाकून मुका घेतलाच. आईने त्यांना हळदीकुंकू लावलं. फिटंफाट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिला रांब्लावर फिरायला नेलं. पाण्याच्या कडेने बावीस-एक किलोमीटर जाणारा हा रस्ता, त्याचे तुकडे वेगवेगळ्या नावांचे. पुंता कार्रेतासच्या बाजूला आलो तशी आई पाटीपाशी थांबली. चष्मा पुसला. रोमन अक्षरं एकेक जुळवत वाचली. “रांब्ला म-हा-त्मा गां-धी.” मग समोरच्या तपकिरी पाण्याकडे बघून म्हणाली, “समुद्र छान आहे.”

“समुद्र नाही आई, नदी आहे. पाराना आणि उरुग्वे नद्यांच्या संगमातून झालेली.”

“नदी? पलीकडचा काठ दाखव मग.”

काठ दिसत नव्हता. तिने माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि पर्समधून मोबाइल काढला. भारतात साडेचार, मावशीच्या चहाची वेळ. मावशीने बहुतेक बोस्टनच्या मेतकुटाचा विषय काढला असावा, कारण आई लगेच माझ्यापासून चार पावलं लांब गेली.

“अगं ते राहू दे, ऐक. एम.जी. रोडला आलेय मी, फिरायला.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“पुण्याच्या नाही गं,” आई म्हणाली. “अमेरिकेतल्या.”