खिशात मावणारं पिस्तूल घेऊ नका: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातल्या ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला, आणि तिघांनीही खाली एकच विचारलं होतं, "नाना, हे खरं का?" म्हणून हे लिहितोय.

मेसेज लांबलचक आहे. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), बेदाण्याचे व्यापारी आणि बागायतदारांनी परवाना काढून पिस्तूल घ्यावं. मिळेल तितकं छोटं घ्यावं, खिशात मावेल असं. जमलं तर नाइन एमएम, नाही तर बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप). त्याच्या एका गोळीत माणूस जागेवर आडवा होतो. पिस्तुलावर भरवसा नसेल तर रिव्हॉल्वर घ्यावं, ते कधी अडकत नाही आणि हातून आपोआप उडत नाही. गोळी कायम चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, झाडायला तयार असावी. सराव लागत नाही, जवळून कोणीही मारू शकतो. आणि एकदा परवाना मिळाला की देशात कुठंही न्यावं.

मी लष्करात २२ वर्षं आर्मरर होतो. म्हणजे हत्यार चालवण्यापेक्षा बिघडलेलं हत्यार उघडून बघण्यात माझी नोकरी गेली. या मेसेजमागची भीती मला समजते. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात गेली आहेत. रात्रीच्या एसटीनं, रेल्वेनं माल आणि रोकड घेऊन फिरतात. लुटल्याची बातमी आली की अख्ख्या गावाची झोप उडते. म्हणूनच त्यांना चुकीचं सांगितलं जाऊ नये असं वाटतं.

सगळ्यात आधी छोट्या पिस्तुलाचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होणार आहे.

आमच्या वाडीत एक गलाईवाले आहेत, मी त्यांना अण्णा म्हणतो. हा मेसेज आल्यावर ते पिस्तूल दाखवायला घरी आले. लेंग्याच्या खिशातून काढलं. जुनं विदेशी, बत्तीस बोअरचं, तळहाताएवढं.

"लय हलकं हाय बघा नाना. दिवसभर खिशात असतंय, कळत बी न्हाई."

"आत गोळी हाय?"

"हाय की. मेसेजात तसंच सांगितलंय."

पिस्तुलाबरोबर त्याच खिशातून गाडीची किल्ली पण बाहेर आली होती. तिची रिंग ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरून ट्रिगरच्या पुढच्या बाजूला अडकली होती. अण्णांनी किल्ली सोडवायला हात पुढं केला. मी त्यांचं मनगट धरलं, नळी भिंतीकडं वळवली, रिंग हळूच काढली, मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) उतरवलं आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागं ओढली. काडतूस घोंगडीवर पडलं. अण्णांनी ती किल्ली आपल्या अंगाकडं ओढली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्या काडतुसाकडं बघत बसले होते, त्यांना कळलं होतं.

मग त्यांच्यासमोरच ते पिस्तूल उघडलं. आत खिशातला कापसाचा भुगा, तंबाखूचा चुरा आणि घामानं धरलेला लाल गंज. पितळी काडतुसावर काळे डाग.

खिशात पिस्तूल टाकू नका, कारण खिशात ट्रिगर उघडा असतो. होल्स्टरचं, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाचं, पहिलं काम पिस्तूल लपवणं नाही, ट्रिगर झाकणं आहे. जाड चामड्याचं किंवा कडक प्लास्टिकचं, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं आणि पट्ट्याला घट्ट बसणारं होल्स्टर हवं. पिस्तूल परत आत घालताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची नाडी गार्डमध्ये जात नाही ना, हे डोळ्यांनी बघा. आणि रात्री घरी आलात की होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरतात. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोचलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा गंज चढतो तो त्यामुळंच.

आता छोटेपणाचं गणित. नेम धरायला नळीवर पुढं एक आणि मागं एक अशा दोन खुणा असतात. त्यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी हाताची चूक मोठी होते. अण्णांच्या पिस्तुलात हे अंतर १० सेंटिमीटर आहे. पुढची खूण १ मिलिमीटर जरी हलली, तरी ७ मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर चूक पावणेपाच सेंटिमीटरच्या आत राहते. आणि घाबरलेल्या माणसाचा हात एकाच मिलिमीटरवर थांबत नाही.

शिवाय छोट्या मुठीत करंगळीला जागा नसते, कधी कधी अनामिकाही लोंबकळते. पकड ढिली राहते. हलक्या पिस्तुलाचा धक्का मात्र हाताला जास्त लागतो. बत्तीस बोअरची बहुतेक छोटी पिस्तुलं गोळीच्या धक्क्यानंच स्लाइड मागं ढकलतात, आणि ती वेळेआधी मागं जाऊ नये म्हणून स्प्रिंग कडक असते. साठीतल्या माणसाच्या ओल्या हातांना ती स्लाइड मागं ओढताना फार कष्ट पडतात. मनगट ढिलं असेल तर स्लाइड पूर्ण मागं जात नाही आणि रिकामं काडतूस तोंडात अडकतं. म्हणजे ज्याला पिस्तूल कमी जमतं, त्याच्याच हातात छोटं पिस्तूल जास्त अडकतं.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक दिसत नाही. आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. बाजारात दिसणारी ती चिमुकली विदेशी पिस्तुलं त्यामुळं बहुतेक चाळीस वर्षांहून जुनी आहेत. मॅगझिनच्या स्प्रिंगा थकलेल्या, सुटे भाग मिळत नाहीत, आणि किंमत लाखांत.

हातात घेऊन बघायचं ते असं: पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, सुरक्षित दिशेला धरा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच मुठीच्या वरपर्यंत बसते का? नळी तुमच्या मनगट-कोपराच्या रेषेत येते का? तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज पडतो का? स्लाइड दहा वेळा ओढता येते का? स्पर्धेतले नेमबाज मूठ आपल्या हाताच्या मापानं घडवून घेतात, उगाच नाही. जे हातात बसतं ते घ्या, आणि ते लपवायचं काम ढगळ शर्टावर सोपवा.

नाइन एमएमबद्दल एवढंच पुरे: ते प्रतिबंधित बोअर आहे. जिल्हाधिकारी त्याचा परवाना देऊच शकत नाहीत. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगल्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे. "ओळखीतून मिळतंय" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बत्तीस बोअरच्या एका गोळीत माणूस जागेवर पडतो, हे सिनेमात. पिस्तुलाच्या बत्तीसची ताकद नाइन एमएमच्या साधारण एक तृतीयांश आहे. मेंदूला किंवा मणक्याला लागल्याशिवाय कुठल्याही पिस्तुलाची गोळी माणसाला हमखास जागेवर थांबवत नाही. आणि हुकलेली गोळी संपत नाही, ती स्टँडवरच्या बाकड्यावर बसलेल्या कोणाकडं तरी जाते.

इथं एक सावधगिरी. "बत्तीस" नावाची दोन वेगळी काडतुसं आपल्याकडं चालतात. एक पिस्तुलाचं, जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये काढलेलं, आखूड. दुसरं रिव्हॉल्वरचं, लांब, रुंद कडेचं, १८९६ पासूनचं. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. आपल्या हत्यारावर काय कोरलंय ते वाचून मागा, घरी येऊन परत जुळवून बघा.

आता रिव्हॉल्वर. यातली अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती मी मान्य करतो. रिव्हॉल्वर समजायला सोपं आहे. एखादं काडतूस पेटलं नाही तर परत ट्रिगर ओढायचा, सिलिंडर (गोळ्यांचा गोल डबा) फिरतो आणि पुढचं काडतूस येतं. कमी सराव असलेल्या माणसाला मी आजही रिव्हॉल्वरच सुचवतो. कानपूरला बनणाऱ्या 'निर्भीक'चं वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आहे, २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चं पावणेसातशेच्या आसपास. वजनाला घाबरू नका, जड हत्यार हातात कमी उडतं.

पण "कधी अडकत नाही" हे खोटं. सांगलीच्या हळद बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं त्याचं रिव्हॉल्वर आणलं होतं, सिलिंडर फिरेना. उघडलं तर रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली हळद आणि तेल मिळून घट्ट लेप बसलेला. हळदीची धूळ गोदामात कुठं कुठं जाते ते यार्डातल्या माणसाला सांगायला नको. त्यानं वरून भरपूर तेल सोडलं होतं, काळजीनंच, आणि त्या तेलानंच धूळ धरली. मी जुन्या टूथब्रशनं तो लेप काढला, फडक्यानं कोरडं केलं आणि तेलाचा एकच थेंब लावला. चांदणीखाली बारीक कण जरी बसला तरी ती वर उचलली जाते, सिलिंडर मागं घासतो आणि ट्रिगर दगडासारखा होतो. महिन्यातून एकदा उघडून कोरडं पुसा.

"आपोआप उडत नाही" हेही तसंच. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. पडलं की घोड्याला (काडतुसावर आदळणाऱ्या मागच्या भागाला) अडवणारा भाग आत असलेली रिव्हॉल्वरं असतात, नसलेलीही असतात. जुनं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. सहाऐवजी पाचच गोळ्या भरा.

चेंबरमधल्या गोळीबद्दल मेसेज म्हणतो, स्लाइड ओढायला वेळ नसतो. बरोबर आहे, नसतो, आणि दोन्ही हात लागतात. पण लुटणारे मोटरसायकलवरून येतात, आधी डोळ्यांत मिरची पूड टाकतात, मग पिशवीला हात घालतात. त्या क्षणी पिस्तूल काढणाराच बहुतेक वेळा उशिरा असतो, गोळी चेंबरमध्ये असो वा नसो. उलट रोज सकाळी-संध्याकाळी ते भरणं, काढणं, गाडीत बसणं, घरात नातवंडं, हे वर्षाचे ३६५ दिवस असतं. ज्याचा आठवड्याला सराव नाही आणि ज्याच्याकडं नीट होल्स्टर नाही, त्यानं पिस्तुलाचं चेंबर रिकामंच ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

सराव लागत नाही असं ज्यानं लिहिलं, त्यानं कधी घाईत ट्रिगर ओढला नसावा. रिव्हॉल्वरचा ट्रिगर थेट ओढायला चार-पाच किलोचा जोर लागतो. तो ओढताना नळी डावी-उजवीकडं जाते. घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, डमी काडतूस घालून रोज पंधरा वेळा ट्रिगर सरळ ओढायचा सराव करा. खरा गोळीबार फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. शेतात, विहिरीवर, लग्नात उडवू नका. लग्नातल्या निष्काळजी गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांतही आहे. कागदापुरतं न करता ते मनापासून करा.

शेवटचं, देशभर नेण्याचं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर तो म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला पोचलात की संपला. मिरजेहून तिथं जाताना शेतं तीच, बोली तीच, पाटीवरची भाषा तेवढी बदलते, आणि तुम्ही विनापरवाना हत्यारवाले होता. जतहून विजापूरकडं जातानाही तेच. गलाईवाल्याचं काम तर चेन्नईला, कोलकात्याला. तो कुठल्या क्षेत्राच्या भरवशावर निघतो? शिवाय नियमच सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. चहाच्या गाड्यावर टेबलावर काढून ठेवणाऱ्याचा परवाना निलंबित होऊ शकतो. निवडणूक लागली की प्रशासन छाननी करून जमा करायला सांगतं, तेव्हा जमा करा, हुज्जत घालू नका.

आणि मेसेजात ज्याचा एक शब्दही नाही ते: गोळी कधी झाडता येते. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. गोळी झाडण्याइतका तो मुख्यतः जिवाची किंवा गंभीर दुखापतीची खरी भीती असेल तोवरच आहे, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. पिशवी हिसकावून पाठ फिरवून पळणाऱ्यावर, भीती संपल्यावर गोळी झाडली तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल. पिशवीतले पैसे परत मिळवता येतात.

अण्णांनी ते पिस्तूल रीतसर विक्रेत्याकडं देऊन परवान्यावरची नोंद बदलायचा अर्ज केलाय. तोवर ते त्यांच्या लोखंडी कपाटात कुलपात आहे, काडतुसं वेगळ्या डब्यात, किल्ली काकूंकडं. माल पाठवताना आता दोघं जातात, आणि रात्रीची गाडी टाळतात.