काठ खरवडल्याने जयंती स्वच्छ होत नाही

आज सकाळी कोल्हापुरातल्या जयंती नाल्यात पोकलेन उतरले होते आणि पात्राच्या मधला गाळ काढायचा सोडून दोन्ही काठांवरची लव्हाळी मुळांसकट उपटत होते. पुलावरून बघणारी मंडळी "आता कसं चकाचक दिसतंय" म्हणत होती. तेव्हापासून माझा जीव जळतो आहे.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही कळंब्याच्या बाजूच्या एका ओहोळातले पाणी गाळणीने गोळा करून पांढऱ्या ताटलीत ओतले, तर त्यात चतुरांच्या अळ्या होत्या, बारीक गोगलगाई होत्या आणि पाण्यावर धावणाऱ्या निवळ्याही होत्या. मग हुतात्मा पार्कजवळ तीच ताटली भरली. तिथे वळवळणाऱ्या तांबड्या अळ्यांखेरीज काहीही नव्हते. "मामा, बाकीचे कुठं गेले?" असे तिने विचारले.

ते गुदमरून गेले. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तांबड्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या तेवढ्या तग धरतात. कसबा बावड्याला दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिकडे पाणी उपसून नेल्याने जयंती जिला मिळते त्या पंचगंगा नदीचा भार हलका होतो, शहरातून वाहणारी जयंती तशीच गुदमरत राहते. तिच्यात मैला मिसळतो तिथेच तो अडवला पाहिजे, हे तुम्हा सर्वांना वेगळे सांगायला नको.

आणि जी लव्हाळी आज उपटली, तिच्याच देठावर चढून चतुराची अळी कात टाकते आणि पंख घेऊन उडते. पाण्यात असताना ती डासांच्या अळ्या खाते. डेंग्यूच्या नावाने ओरडायचे आणि डास खाणाऱ्याचे घर मोडायचे, याला मी स्वच्छता म्हणणार नाही!

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना गवताचे कौतुक ऐकवण्याचा मला अधिकार नाही. गाळ काढलाच पाहिजे, हेही मान्य. मात्र महापुरात पंचगंगेचा फुगवटा जयंतीतून मागे चढतो आणि काठ बोडका केल्याने तो काही थांबत नाही. उलट मुळांनी धरून ठेवलेली माती पहिल्याच वळवाबरोबर पात्रात उतरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाळ म्हणून उपसावी लागते.

यंत्र चालवणाऱ्या माणसावर माझा राग नाही. उन्हात उभे राहून तो सांगितलेले काम करत होता. भाचीची ती ताटली काम सांगणाऱ्यांपुढे ठेवावी, असे मात्र फार वाटले. मागणी साधी आहे: गाळ मधला काढा, एका वर्षी एकाच काठाला हात लावा आणि दुसरा काठ पुढच्या हंगामापर्यंत जसाच्या तसा राहू द्या. आपापल्या प्रभागात काम सुरू होण्याआधी हे लेखी मागा. मी माझा अर्ज उद्या देतो आहे.