मागच्या गल्लीतून जाऊ या का?

बंड्या आला तो मास्क लावून. बसायचं नाव नाही. "उठा सगळे. एक्यूआय, हवेच्या प्रदूषणाचा आकडा, १५४ आहे!"

मास्तरांनी आपला मोबाइल काढला, चष्मा वर केला. "माझ्यात १०० दाखवतंय. समाधानकारक."

झालं, कुणाचं अ‍ॅप खोटं यावर जुंपली. बंड्याने तर रेंज शोधावी तसा मोबाइल डोक्यावर धरला.

"खाली कर, त्याला नाक नाहीये," शैला म्हणाली. शैलाचा दमा शाळेपासूनचा, त्यामुळे या विषयात तिच्यासमोर टिकणं अवघड. "हवा एकच आहे. पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारताच्या मोजपट्टीवर १०० येतात आणि अमेरिकेच्या मोजपट्टीवर १५४. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून म्हणतेय, दिवसाची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. मास्तर, तुमचं समाधान त्याच्या चौपट आहे."

"पण माझं इथलं रीडिंग आहे," बंड्या.

"इथलं कसलं? मोजणारं केंद्र कुठल्या कुठे. मधली जागा उपग्रह, वारा आणि अंदाज यांनी भरतात. तू घरी तो स्वस्तातला सेन्सर आणलास, त्याने काय केलं?"

बंड्या गप्प. सगळ्यांना माहीत आहे. तो सेन्सर आंघोळीच्या वाफेला धूळ समजून बोंबलला होता आणि बंड्याने अंगावर साबण असताना घर रिकामं करायला लावलं होतं.

"म्हणजे अ‍ॅप टाकाऊच ना?" मास्तर खुशीत.

"नाही हो. मी रोज बघते. आकडा नेमका नसेल, पण कल कळतो. मोठा रस्ता सोडून एक गल्ली आतून गेलं तर गाड्यांचा धूर बराच कमी लागतो. आणि थंडीत पहाटे गार हवा खाली अडकते, धूर वर जातच नाही. तुम्ही नेमके तेव्हाच दीर्घ श्वसन करता."

मास्तर दुखावले. पहाटेच्या फिरण्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. "आमच्या वेळी..." त्यांनी सुरू केलं, पण त्यांच्या वेळचं कुणीच ऐकत नाही.

दिगू बाइकवर बसूनच ऐकत होता, पाठीवर पार्सलांची पिशवी. "शैलाताई, एक अ‍ॅप मला म्हणतं घरात बस. दुसरं म्हणतं दहा मिनिटांत पोचव. पैसे दुसरं देतं."

यावर शैलासुद्धा क्षणभर अडली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी रस्त्यावरचा धूरच कमी व्हायला हवा, ते अ‍ॅपचं काम नाही. पण माहिती तरी हवी की नको? लंडनमध्ये एला नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. २०१३ मध्ये दम्याने गेली. २०२० मध्ये चौकशीअंती मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदलं गेलं. या हवेचा धोका तिच्या आईला कुणी सांगितलाच नव्हता."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. बंड्याला शांतता सोसत नाही. "म्हणूनच सांगतोय, इथून हला!"

"चल, मागच्या गल्लीत बसू," शैला उठली. "तुझंच अ‍ॅप तिकडे हिरवं दाखवतंय."

बंड्या हलेना. मागच्या गल्लीत त्याचे सासरे राहतात.

"इथे तसं... मास्तरांच्या हिशोबाने समाधानकारकच आहे," तो मास्क काढत म्हणाला.

दिगू हसता हसता बाइकवरून पडायचा राहिला. मास्तरांनी लगेच विचारलं, सासऱ्यांची शिडी परत केलीस का? बंड्या म्हणाला, शिडी दिगूकडे आहे. दिगू म्हणाला, ती मास्तरांनीच नेली. पुढचा तासभर शिडीवर गेला.