ठाकुर्लीची कुर्ली

मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "ही कुर्ली कुठे आली रे?"

साहेब मालवणचे. त्यांच्याकडे कुर्ली म्हणजे खेकडा, आणि तो रश्श्यात असतो. आमच्या अहवालात मात्र डोंबिवली, भिवंडी, कळवा आणि त्याखाली ऐटीत बसलेली कुर्ली.

झालं असं, की गावांची नावं "ठाणे_डोंबिवली" अशी यायची. पुढचं "ठाणे_" खुडायचं होतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एलस्ट्रिप नावाचं फंक्शन सापडलं. त्याच्या डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे माहितीच्या पानाच्या, पहिल्या ओळीत लिहिलेलं, सुरुवातीची अक्षरं काढलेली प्रत देतो. मला तेवढंच हवं होतं. कंसात "ठाणे_" दिलं, डोंबिवली सुटली, भिवंडी सुटली आणि मी ऐरोलीहून गाडी पकडून नौपाड्यात घरी जेवायला गेलो.

ठाकुर्ली तपासायची राहिली.

डॉक्युमेंटेशन पुढे वाचलं असतं तर कळलं असतं, की दिलेली अक्षरं हा उपसर्ग नव्हे, त्यांच्या सगळ्या जुळण्या निघतात. वाक्य शंभर टक्के खरं आहे, पण आमच्या सोसायटीच्या नोटिशीसारखं: ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतं. एलस्ट्रिपने ठ, काना, ण, मात्रा, अंडरस्कोर एवढ्यांची यादी केली. "ठाणे_" संपवलं. पुढे पुन्हा ठ आला, काना आला. यादीतलेच, म्हणून गिळले. क आला तेव्हा कुठे थांबला.

अजून खाली उदाहरणही आहे. "आर्थर: थ्री!" मधून आर्थरला काढायला जावं तर इंग्रजी स्पेलिंगमधले फक्त दोन ई आणि उद्गारचिन्ह उरतं. म्हणजे आर्थरचा आणि माझा आजार एकच. या गोंधळापायीच २०२० साली पायथन ३.९ मध्ये रिमूव्हप्रीफिक्स हे फक्त अख्खा उपसर्ग काढणारं फंक्शन आलं. पण पहिल्याच ओळीत काम झाल्यावर इतकं खाली उतरतो कोण?

रात्री आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दारात उभं राहायचं, यादीतला जो पुढे येईल त्याला हाकलायचं आणि यादीबाहेरचा पहिला दिसला की थांबायचं. हो ना?"

हो. तिने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही.

साहेबांनी शिक्षा म्हणून आमच्या लायब्ररीचं, म्हणजे ऑफिसातल्या फंक्शनांच्या संग्रहाचं, डॉक्युमेंटेशन सुधारायला दिलं. पहिलंच फंक्शन उघडलं: "ग्राहक मिळवा: ग्राहक मिळवते." नाही मिळाला तर? रिकामं देते, का एरर फेकते? कोणत्या गाढवाने लिहिलंय म्हणून कोडच्या बदलांचा इतिहास उघडला. मीच. गुपचूप मिटला.

मग नावं खुडणाऱ्या फंक्शनपाशी आईचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि खाली उदाहरण दिलं: ठाकुर्ली टाकली तर काय उरतं.

साहेबांचा शेरा आला: "उत्तम. सोबत तांदळाची भाकरी असती तर..."