खराब गाडी ट्रस्टला द्यायचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "अपघातात किंवा पुरात खराब झालेली गाडी कबाड्याला मातीमोल देऊ नका, ट्रस्टला दान करा. गाडीच्या पूर्ण किमतीवर 80जीची सूट मिळते. आरसी आणि किल्ली दिली की तुमची जबाबदारी संपली, आरटीओत जायची गरज नाही. विम्याचे पैसेही तुमचेच. 15 वर्षं झालेली गाडी तशीही बाद होते. तुमचंही भलं, संस्थेचंही."

मी शहरातल्या एका लहान वसतिगृहाचे हिशेब बिनपगारी पाहते. हा मेसेज वाचून आम्हाला फोन येतात. फोन करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच मेसेजमधलं एकेक वाक्य धरून लिहितेय.

"पूर्ण किमतीवर 80जीची सूट." 80जी म्हणजे संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात मिळणारी वजावट. गाडीवर ती एका रुपयाचीही मिळत नाही. 1961च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 80जीच्या स्पष्टीकरण 5मध्ये स्वच्छ म्हटलंय की वजावट फक्त रकमेच्या दानाला आहे. गाडी, धान्य, कपडे, कपाट असं वस्तूच्या रूपात दिलेलं दान वजावटीत धरत नाहीत. संस्थेने भिडेखातर "अंदाजे किंमत दीड लाख" अशी पावती लिहून दिली तर ती देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात, कारण वजावटीसाठी आता नुसती पावती पुरत नाही. संस्थेला मिळालेल्या देणग्या फॉर्म 10बीडीमध्ये कळवाव्या लागतात आणि त्यावरून देणगीदाराचं 10बीई प्रमाणपत्र निघतं. पैसे दिले तरी रोखीने 2,000 रुपयांच्या वर दिलेलं धरत नाहीत. आणि जे नव्या करप्रणालीत आहेत, त्यांना 80जी मुळात मिळतच नाही. 2023-24पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर निवडावी लागते, हे फोन करणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात नसतं.

मेसेजमध्ये अमेरिकेचं नाव नाही, पण खराब गाडी संस्थेला देऊन करात सवलत घ्यायची रीत तिथे खरोखर आहे. संस्था गाडी उचलून नेते, लिलावात विकते आणि देणाऱ्याला 1098-सी नावाचा फॉर्म देते. मात्र 2005पासून तिथेही नियम कडक झालाय. 500 डॉलरच्या वर वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी नुसती विकून टाकली असेल, तर जितक्याला विकली तितकीच वजावट. म्हणजे "पूर्ण किंमत" तिथेही चालत नाही. तिथला कायदा तिथला, आपल्याकडे रकमेशिवाय काही नाही.

"आरसी, किल्ली दिली की जबाबदारी संपली." मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे आहे. मोटार वाहन कायदा ज्याच्या नावावर नोंद त्यालाच मालक मानतो. फेब्रुवारी 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेलेली, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर. 2009मध्ये त्या गाडीने अपघात केला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडी विकून त्याला दोन वर्षं झाली होती, त्याचा उपयोग झाला नाही. दान केलेल्या गाडीचंही तेच होणार. राज्यातल्या राज्यात गाडी दिली तर कलम 50प्रमाणे देणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि फॉर्म 29, 30 भरून नाव बदलायचं असतं. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम 55खाली तसं कळवून नोंदणीच रद्द करायची. तुमची गाडी एमएच 31 असो, 40 असो की 49, ज्या कार्यालयात नोंद आहे तिथलं हे काम टळत नाही.

आणखी एक भीती आहे. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीचे कागद चोरांना हवेच असतात. तिचा चेसिस नंबर चोरीच्या तशाच गाडीवर ठोकला की ती गाडी "कायदेशीर" होते. तुमच्या नावाची आरसी कुणाच्या कपाटात पडून आहे, याची काळजी एवढ्यासाठी करायची.

विम्याचं थोडक्यात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. पूर्ण रक्कम घेतली तर सांगाडा विमा कंपनीकडे जातो, तो तुम्ही दान करू शकत नाही. सांगाडा ठेवून घेतला तर त्याची किंमत दाव्यातून वजा होते.

15 वर्षांची गाडी बाद होते हेही खरं नाही. खासगी गाडीची फिटनेस तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीच्या परिसरातल्या निर्बंधांच्या बातम्या वाचून ही समजूत इकडे पसरली आहे.

राहिलं "संस्थेचंही भलं". 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. त्यातली एक त्याच दिवाळीत आमच्याकडे आली. एका काकांनी मुलांसाठी म्हणून मनापासून दिली होती. टोचनचे पैसे आम्हीच भरले. पाणी ओढलेलं इंजिन कुणीतरी सुरू करून पाहिलं होतं, आतला रॉड वाकलेला. मेकॅनिकने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या वर. विकायला गेलो तर आरसी काकांच्या नावावर आणि कर्ज केव्हाच फिटलं असूनही बँकेचा एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, तसाच चढलेला. काकांना बँकेत एनओसी आणि ती नोंद उतरवायच्या फॉर्म 35साठी किती खेपा पडल्या असतील! तोवर गाडी आमच्या फाटकाशी, मुलं संध्याकाळी खेळतात त्या जागेवर आठ महिने उभी. पावसाळ्यात डिकीत पाणी साचून डास झाले. वसतिगृहात डेंग्यूची भीती काय असते ते आम्हाला ठाऊक आहे.

शेवटी जे केलं तेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एचपी उतरल्यावर काकांनी स्वतःच्या नावाने वाहन पोर्टलवर अर्ज केला आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गेली. 2021च्या नियमांप्रमाणे ही केंद्रं कर्ज, गुन्हा, थकबाकी तपासूनच गाडी घेतात आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र देतात. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं. रस्ताकरातही सवलत आहे, केंद्राच्या नियमात खासगी गाडीला जास्तीत जास्त 25 टक्के.

भंगाराचे पैसे काकांच्या खात्यात आले, त्यांनी ते आम्हाला चेकने दिले. हिशेब असा असतो: समजा 22,000 रुपये आले आणि संस्थेला 80जीची मान्यता आहे. आमच्यासारख्या संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मी, म्हणजे 11,000 रुपयांची वजावट. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून 2,288 रुपये कर वाचतो, तोही जुन्या प्रणालीत. "पूर्ण किमती"पुढे हा आकडा लहान दिसेल, पण तो खरा आहे, आणि 22,000 रुपयांत आमच्या मुलांचं वह्या-पुस्तकांचं वर्ष निघतं.

गाडीच द्यायची असेल तर आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गाला विचारा. उघडून शिकायला त्यांना अशी गाडी उपयोगी पडते. पण तिथेही आधी नोंदणी रद्द करून घ्या आणि त्या आदेशाची प्रत घरी ठेवा.