आठ पाकिटं घेतली, एकही सही निघाली नाही: या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलंत की मुलासाठी क्रिकेट कार्डांच्या नवीन सेटची आठ पाकिटं आमच्याकडून घेतली आणि एकातही ऑटोग्राफ, म्हणजे खेळाडूची सही असलेलं कार्ड, निघालं नाही. काउंटरवर वजनकाटा दिसला, म्हणजे सहीची पाकिटं वजनावरून ओळखून आम्ही आधीच काढून ठेवतो. आणि भिंतीवर ज्या सहीच्या कार्डाचा फोटो लावलाय, त्यावर नुसता स्टिकर आहे, म्हणजे तेही नकली. एक स्टार दिलात. काल रात्री शटर ओढल्यावर विक्रीची वही काढून बसलो. काट्याबद्दल तुमचा गैरसमज झालाय, पण तुमच्यावर अन्याय झाला हे खरं आहे, आणि तो आमच्याच काउंटरवर झाला.

आधी काट्याचं सांगतो. तो कुरिअरच्या पार्सलांसाठी आहे. पाकिटं वजन करून निवडण्याचा प्रकार या धंद्यात आहे, मी नाकारत नाही. खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड काट्यावर सापडतं. म्हणूनच काही कंपन्या साध्या पाकिटांतही एक जाड कोरं कार्ड घालतात, वजनावरून ओळखता येऊ नये म्हणून. पण या सेटमधलं सहीचं कार्ड इतर कार्डांइतक्याच जाडीचं आहे. स्टिकरच्या वजनाने काटा हलत नाही.

स्टिकर आहे म्हणून सही खोटी, असंही नाही. कंपनी खेळाडूकडे पारदर्शक स्टिकरचे कागद पाठवते, तो त्यावर सह्या करून परत देतो आणि मग ते कार्डांवर चिकटवले जातात. सही अस्सल असल्याची हमी कार्डाच्या पाठीवर कंपनीने छापलेली असते. संग्राहक थेट कार्डावर केलेल्या सहीला जास्त किंमत देतात आणि मलाही तीच आवडते, कारण ते कार्ड खेळाडूच्या हाताखालून गेलेलं असतं. पण स्टिकरवाली सहीसुद्धा त्याचीच.

आता आमची चूक. बॉक्समध्ये 24 पाकिटं असतात आणि बाहेर छापलंय, सरासरी एका बॉक्समागे एक ऑटोग्राफ. ही सरासरी सगळ्या छापील मालाची असते, त्यामुळे एखाद्या बॉक्समध्ये दोन निघतात, एखाद्यात एकही नाही. तरी बहुतेक बॉक्समध्ये एकच. तुम्ही आलात त्या गुरुवारी दुपारी एका शाळकरी मुलाने, तुमची पाकिटं ज्यातून दिली तोच बॉक्स पहिल्यांदा उघडायला लावून पाच पाकिटं घेतली आणि काउंटरवरच फोडली. पाचव्यात सही होती. त्याने आधी दोन्ही हात पँटला पुसले, मग कार्ड कडांना धरून उचललं आणि ट्यूबलाइटखाली तिरकं केलं, तेव्हा स्टिकरची कड चमकली. दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. तुम्ही पाहिलेला फोटो त्याच कार्डाचा.

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी जेवायला घरी गेलो होतो आणि काउंटरवर पुतण्या होता. यात सही असेल का, असं तुमच्या मुलाने विचारलं आणि पुतण्या म्हणाला, "नशीब असलं तर निघेल." मी त्याला विचारलं, तो हेच बोलला. अख्खा बॉक्स शिल्लक असता तर आठ पाकिटांत सही निघण्याची शक्यता तीनात एक होती. दुपारीच सही निघून गेलेल्या त्या बॉक्समध्ये ती जवळपास शून्य होती. हे मला माहीत होतं, पुतण्यालाही माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. काट्यावर तोललं नाही, पण फळ तेच झालं.

1990 साली अमेरिकेत अपर डेक कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सन यांची सही केलेली, क्रमांक घातलेली 2500 कार्डं पाकिटांत विखरून टाकली, तिथून पाकिटात सही शोधायचा हा नाद वाढला. कार्ड कुठल्या पाकिटात आहे हे कोणालाच, विकणाऱ्यालासुद्धा, ठाऊक नसतं, म्हणून तर माणूस पैसे टाकतो. दुकानदाराला ठाऊक असेल आणि गिऱ्हाइकाला नसेल, तर तो खेळ राहत नाही. नवी पेठेत बारा वर्षं बसतोय, ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

आजपासून प्रत्येक उघड्या बॉक्सवर चिठ्ठी लावली आहे: किती पाकिटं शिल्लक, सही निघाली की नाही. सही निघालेल्या बॉक्समधली पाकिटं 150 ऐवजी 100 रुपयांना, ज्यांना फक्त सेट पुरा करायचाय त्यांच्यासाठी. कोणाला बंद बॉक्स हवा असेल तर कंपनीचं प्लास्टिक आवरण त्याच्यासमोर काढू.

तुमचे 1200 रुपये परत द्यायचे आहेत, कार्डं मुलाकडेच राहू द्या. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही, तो बरोबर ठिकाणी लागलाय. संध्याकाळी सहानंतर मी स्वतः असतो. येताना मुलाला दोनदा आलेली कार्डं घेऊन यायला सांगा. काउंटरखाली अदलाबदलीचा डबा आहे, त्याला नसलेले नंबर त्यातून त्याने स्वतः शोधून घ्यावेत.